जपानमधली माशांची दुकानं आणि मासळीबाजार: मरीन टँक ठेवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे, जपानला जायचं ठरलंय आणि सोबतच्या मंडळींनी चेरी ब्लॉसम आणि फुजी यांच्यामधला एखादा दिवस मोकळा सोडलाय, अशा लोकांसाठी ही पानं आहेत. कामानिमित्त माझं तिकडे जाणं होतं आणि मोकळा वेळ मिळाला की मी माशांच्या मागे असतो. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मला टँकचे मासे बघायचेत. मासळीबाजारात कशाला जाऊ?

कारण जपानमध्ये या दोन जागा एकाच समुद्रावर आणि एकाच कौशल्यावर चालतात. मासा जिवंत ठेवायचा, त्याला ताण येऊ द्यायचा नाही, पाणी थंड आणि स्वच्छ राखायचं, हे ज्ञान तिथे आधी ताटासाठी तयार झालं आणि मग टँकवाल्यांच्या हाती आलं.

एक साधं उदाहरण घ्या. शित्ताका नावाचा शंकूसारखा काळपट गोगलगाईचा प्रकार तिथे मासेवाल्याकडे उकडून खायला मिळतो. तोच शित्ताका जपानी हौशी लोक काचेवरचं शेवाळ साफ करायला टँकमध्ये सोडतात. मगाकिगाई हा शंख कोची प्रांतात चांबारागाई म्हणून आवडीनं खातात, आणि टँकच्या दुकानात वाळू उपसून साफ ठेवणारा कामगार म्हणून विकतात. आपल्याकडच्या रीफवाल्यांना, म्हणजे प्रवाळाचा टँक ठेवणाऱ्यांना, तो स्ट्रॉबेरी काँच म्हणून माहीत असेल.

याहून मोठं उदाहरण रोटिफरचं आहे. घरी क्लाउनफिशची पिल्लं वाढवणारा कुणीही रोटिफरशिवाय पुढे सरकू शकत नाही. हा सूक्ष्म जीव पिल्लांचं पहिलं अन्न म्हणून वापरायची पद्धत १९६० च्या दशकात जपानी हॅचऱ्यांमध्ये रुजली, आणि ती रुजली मादाईसारख्या खायच्या माशांची पैदास करण्यासाठी. पुढे २००२ साली किंदाई विद्यापीठानं ब्लूफिन ट्यूनाचं संपूर्ण जीवनचक्र बंदिस्त पाण्यात पूर्ण करून दाखवलं. ते काम त्यांनी १९७० मध्ये हाती घेतलं होतं. आपल्या टँकमधल्या प्रत्येक कॅप्टिव्ह-ब्रेड, म्हणजे बंदिस्त पाण्यात पैदास झालेल्या, माशामागे ही परंपरा आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून बाजार चुकवू नका.

टोकियोत सुकिजीला जाऊ की तोयोसूला?

१९३५ पासून सुकिजीत असलेला घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला हलला. ही नवी जागा पूर्वी गॅस कारखान्याची होती. जमिनीतल्या प्रदूषणाचा प्रश्न निघाला आणि स्थलांतर जवळजवळ दोन वर्षं लांबलं. आता ट्यूनाचा लिलाव तोयोसूला होतो, पहाटे साडेपाचच्या सुमारास. काचेमागच्या गॅलरीतून तो कुणालाही बघता येतो. खालच्या, जवळच्या डेकवर उभं राहायचं असेल तर आधीच्या महिन्यात ऑनलाइन सोडतीसाठी नाव नोंदवावं लागतं. जानेवारी २०१९ मधल्या वर्षारंभाच्या लिलावात २७८ किलोचा एक ब्लूफिन ३३ कोटी ३६ लाख येनला गेला, तो इथेच.

टँकवाल्याच्या नजरेनं मात्र तोयोसू थोडं लांबचं आहे. सगळं काचेपलीकडे चालतं आणि घाऊक गाळ्यांवर आपल्याला जाता येत नाही. मासे जवळून बघायचे तर सुकिजीचा बाहेरचा बाजार अजून जागेवरच आहे, तिकडे जा. त्याहूनही माझी पसंती ओकाचिमाचीच्या योशिइके या दुकानाला आहे. उएनोच्या आमेयोको गल्लीपासून चालत जाता येतं. तिथे अख्खे मासे इतक्या प्रकारांचे असतात की एकेका बर्फाच्या ट्रेसमोर थांबून पर, दात, कल्ले, डोळ्यांची ठेवण निवांत बघता येते. माशाची शरीररचना शिकायला याहून चांगली फुकटची शाळा मला टोकियोत सापडलेली नाही.

बाजार रविवारी बंद असतो आणि बऱ्याचदा बुधवारीही. तारीख तपासून मगच पहाटेचा गजर लावा.

मरीन टँकची चांगली दुकानं कशी शोधायची?

बरीचशी दुकानं पर्यटकांच्या भागात नाहीत. उपनगरातल्या एखाद्या निवासी इमारतीच्या तळमजल्यावर, बाहेरून अजिबात लक्षात न येणारी अशी असतात. दुपारी उघडतात आणि रात्रीपर्यंत चालतात. त्यामुळे दिवसाची आखणी सोपी होते: पहाटे बाजार, संध्याकाळी दुकान.

टोकियोला लागून साइतामा प्रांतात याशिओ इथे बी-बॉक्स अ‍ॅक्वेरियम आहे. प्रवाळाची आवड असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी. अकिहाबाराहून त्सुकुबा एक्सप्रेसनं सरळ जाता येतं. ओसाकाच्या बाजूला ब्लू हार्बर हे दुर्मिळ एंजलफिशसाठी जगभरच्या हौशी लोकांत नावाजलेलं नाव. निघण्यापूर्वी दुकानाचं संकेतस्थळ भाषांतर लावून वाचा. सुट्टीचा वार, नवा माल आल्याची बातमी आणि 'आज दुकान लवकर बंद' अशा सूचना तिथेच असतात.

दुकानात गेल्यावर नेमकं काय बघावं?

आधी पाट्या वाचा. कॅमेऱ्याचं भाषांतर पुरतं. माशाच्या नावाखाली तो कुठून आला हे लिहिलेलं असतं: ओकिनावा, हाचिजोजिमा, ओगासावारा, बाली, सेबू. मासळीबाजारातही मासा कुठला, समुद्रातला की शेतीतला, गोठवून वितळवलेला आहे का, हे पाटीवर लिहिण्याचा कायदा आहे, आणि ग्राहकाला ते वाचायची सवय आहे. हीच सवय टँकच्या दुकानात आलेली दिसते. आपल्याकडे 'इंपोर्टेड आहे' एवढ्यावर मासा विकला जातो. ही एक गोष्ट तरी आपण तिथून उचलायला हवी.

मग मासा बघा. पोट आत गेलंय का, डोक्यामागची पाठ भरलेली आहे का, श्वास किती वेगानं चाललाय. आणि दुकानदाराला विचारा, 'एसा ताबेतेमास का?' म्हणजे हा खातोय का. चांगला दुकानदार तोंडी उत्तर देत नाही, समोर खायला घालून दाखवतो. जो मासा अजून खात नाही तो कित्येकदा विकायलाच काढलेला नसतो, मागच्या टाक्यांमध्ये त्याची तयारी चाललेली असते. मासा खायला लागेपर्यंत तो आपली जबाबदारी आहे, असं मानणारी दुकानं मी तिथे पाहिली, आणि दुकान चांगलं की वाईट हे मी याच एका गोष्टीवरून ठरवतो.

फोटो काढता येतात का?

विचारून. 'शाशिन तोत्ते मो ई देस का?' एवढं पुरतं. फ्लॅश अजिबात नको, काचेवर टकटक नको, पाठीवरची सॅक पुढे घ्या, कारण गल्ल्या अरुंद असतात.

भाव करतात का?

नाही. ना दुकानात, ना बाजारात. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये माशांवर सवलतीचे स्टिकर लागतात, तेवढंच.

खास जपानच्या पाण्यातले, इतरत्र क्वचित दिसणारे मासे कोणते?

माझा पहिला क्रमांक युझेनचा. हा बटरफ्लायफिश काळसर जाळीदार अंगाचा आहे आणि परांना पिवळी किनार असते. प्रत्येक खवल्याभोवतीची नक्षी इतकी बारीक आणि नेमकी की किमोनो रंगवण्याच्या युझेन कलेवरून त्याचं नाव पडलं आहे. ओगासावारा आणि इझू बेटांच्या पाण्यात तो सापडतो, आणि तिथले डायव्हर त्याचे थवे गोळा होऊन फिरणारा चेंडू बघायला जातात. ओगासावारा टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १,००० किलोमीटरवर आहे. तिथे विमान नाही, जहाजानं २४ तास लागतात. फोटोत युझेन काळा-पिवळा दिसतो, एवढंच. समोर पाहिल्यावर त्या काळ्यात करडा, तपकिरी आणि चंदेरी असे किती पदर आहेत ते कळतं.

त्यानंतर रेंतेन याक्को, म्हणजे निळ्या ठिपक्यांच्या अंगावर केशरी झाक असलेला जपानी ड्वार्फ एंजल. मग किंचाकुदाई, पिवळसर अंगावर निळे पट्टे. तोसा याक्को हा स्वॅलोटेल एंजल नर-मादीत इतका वेगळा दिसतो की दोन जाती वाटाव्यात. साकुरादाई अँथियसच्या नराच्या लाल अंगावर पांढरे ठिपके चेरीच्या पाकळ्यांसारखे विखुरलेले असतात. आणि मात्सुकासाउओ, चिलखत घातल्यासारखे जाड खवले असलेला पाइनकोन फिश, ज्याच्या खालच्या जबड्यावर प्रकाश देणाऱ्या जिवाणूंच्या पिशव्या असतात.

यातल्या बऱ्याच माशांना आपल्या २६-२७ अंशांच्या रीफपेक्षा थंड पाणी मानवतं. मुंबईच्या मे महिन्यात चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, त्यांचा विचारही करू नये.

जाता जाता गोबीवाल्यांसाठी: माजी सम्राट अकिहितो हे गोबी माशांचे अभ्यासक आहेत. २००५ साली एका गोबीला, एक्झिरियस अकिहितो हिला, त्यांचं नाव दिलं गेलं. २०२१ मध्येही त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोबीच्या दोन नव्या जातींचं वर्णन प्रसिद्ध केलं.

ओकिनावाला जावं का?

वेळ आणि पैसे यांचा मेळ बसत असेल तर टोकियोतले दोन दिवस कापून जा.

नाहा शहरात माकिशी सार्वजनिक बाजार आहे. जुनी इमारत पाडून बांधलेली नवी इमारत मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. खाली मासळी, वर खानावळी. खाली मासा निवडायचा, थोडे पैसे देऊन वर शिजवून घ्यायचा. मुख्य जपानी बेटांवरच्या बाजारात रुपेरी, करडे, लाल मासे असतात. इथे बर्फावर प्रवाळ खडकच मांडलेला असतो. इराबुचा म्हणजे पॅरटफिश, निळा-हिरवा, डोक्यापासून शेपटीपर्यंत चकचकीत. मिबाई म्हणजे आपल्याकडच्या गोबऱ्याचे भाऊबंद. गुरुकुन हा फ्युजिलियर, ओकिनावाचा प्रांतीय मासा, अख्खा कुरकुरीत तळून देतात. अबासा म्हणजे काटेरी पोर्क्युपाइन पफर, काटेरी कातडी सोलून त्याचं सूप करतात. शिवाय चकत्या पाडलेला याकोगाई हा थोरला शंख. तिथल्या सर्वांत मानाच्या तीन माशांत लाल कोरल ट्राउट, म्हणजे अकाजिन, आणि माकुबु हा टस्कफिश यांचा समावेश होतो. तिसरा अकामाची, खोल पाण्यातला लांब शेपटीचा लाल मासा.

ताटात उमिबुदो येईल, हिरव्या मण्यांचे छोटे घोस. टँकखालच्या सम्पमध्ये रेफ्युजियम, म्हणजे शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा, चालवणारा माणूस ते बघून क्षणात ओळखेल, कारण ते कॉलर्पा आहे. आपण नायट्रेट शोषायला ज्या कुळातलं शेवाळ वाढवतो त्याच कुळातलं, ओकिनावात टाक्यांमध्ये शेती करून वाढवलेलं. विकत घेतलंत तर फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीनं मणी मरगळतात. खोलीच्या तापमानाला ठेवायचं आणि सॉस वरून न ओतता बुडवून खायचं, कारण खारट सॉसनंही मणी पिचकतात. ऑस्मोसिसचा हा धडा टँकवाल्याला वेगळा शिकवायला नको.

सुकुगारासू हाही पदार्थ बघा. टोफूच्या चौकोनावर ओळीनं ठेवलेली बोटाच्या पेराएवढी खारवलेली मासोळी. ती रॅबिटफिशची पिल्लं असतात, म्हणजे आपल्या फॉक्सफेसच्या घराण्यातली.

जे मासे आपण प्रेमानं पाळतो तेच बर्फावर बघून वाईट वाटत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं मी टाळून उत्तर देणार नाही. पॅरटफिशसमोर उभं राहिल्यावर मला त्रास होतो. तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो, त्यामुळे नव्या प्रवाळाला जागा मिळते. त्याच्या पोटातून निघणारा चुरा किनाऱ्याची पांढरी वाळू बनतो. २०१६ च्या उन्हाळ्यात इशिगाकी आणि इरिओमोते बेटांमधल्या सेकिसेई लगूनमध्ये प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं आणि पर्यावरण मंत्रालयाच्या पाहणीनुसार सुमारे ७० टक्के मेलं. असा खडक पुन्हा उभा राहायला शेवाळ खाणारे मासे लागतात. म्हणून मी इराबुचा मागवत नाही, गुरुकुन मागवतो.

पण बर्फावर मासा दिसला की मन कडू करून घ्यायचं, हेही मला पटत नाही. ओकिनावाचे मच्छीमार या खडकावर पिढ्यान्‌पिढ्या जगले आहेत. आपण टँकवाले जो मासा घेतो त्याच्यामागेही वाटेत मेलेले मासे असतात, फक्त ते कुणी बर्फावर मांडून दाखवत नाही. मासेवाला निदान आपल्या डोळ्यांसमोर मांडतो, कुठला आहे ते लिहितो आणि अख्खा वापरतो. आपल्या छंदात एवढा उघडेपणा आला तर मला आनंद होईल.

बाजारात जिवंत मासे असतात. ते टँकमध्ये ठेवता येतील का?

तिथे राहणारे काही जण ठेवतात. इशिदाईचं पट्टेरी पिल्लू, कावाहागी हा फाइलफिश, एखादा ऑक्टोपस. माझं मत विरोधात आहे. उपाहारगृहांच्या टाक्यांतलं पाणी थंड असतं, मासे दाटीत असतात आणि पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी अशा दाटीत झपाट्यानं पसरतो. कावाहागी प्रवाळ कुरतडतो, इशिदाई बघता बघता हातभर होतो, ऑक्टोपस झाकणाच्या फटीतून बाहेर पडतो. गोगलगायी आणि शंख मात्र अनेक जण घेतात. त्या थंड पाण्याच्या असल्या तर उष्ण टँकमध्ये हळूहळू झिजतात, म्हणून कोणत्या प्रांतातून आल्या ते पाटीवर बघा.

इकेजिमे म्हणजे काय, आणि टँकवाल्यानं ते का बघावं?

मासा तडफडू न देता मारण्याची ही पद्धत आहे. बंदरावरच्या दुकानात शांत वेळी उभे राहिलात तर बघायला मिळते.

मासेवाला पाण्यातून हिरामे काढतो. हा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. ओल्या फडक्यानं डोळे झाकतो, आणि मासा शांत पडतो. डोळ्याच्या थोडं मागे, मेंदूच्या नेमक्या जागी टोचा जातो. पर एकदा ताठ फुलतात, जबडा उघडतो, मग सगळं सैल. कल्ल्यामागे आणि शेपटीजवळ एकेक काप, रक्त वाहून जाण्यासाठी. मग बारीक लवचीक तार पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत सारतो. तार आत जाताना कातडीखाली थरथर डोक्याकडून शेपटीकडे जाताना दिसते, आणि थांबते. मासा बर्फ घातलेल्या खाऱ्या पाण्यात जातो. सगळं मिळून मिनिटभराचंही काम नाही आणि त्यात एकही हालचाल फुकट जात नाही.

यामागचं शास्त्र असं. तडफडणारा मासा स्नायूंतली एटीपी नावाची ऊर्जा जाळून टाकतो, लॅक्टिक आम्ल साठतं, अंग लवकर ताठरतं. शांतपणे मेलेल्या माशात एटीपी टिकून राहतं आणि पुढच्या तासांत त्याचंच रूपांतर होऊन उमामी चव देणारं इनोसिनिक आम्ल बनतं. जाळ्यानं टँकभर पाठलाग करून पकडलेल्या आपल्या टँग (सर्जनफिश) माशाच्या शरीरात अगदी हेच घडत असतं. तो मरत नाही, पण दमतो, त्याची प्रतिकारशक्ती खाली येते आणि चार दिवसांनी ठिपके दिसतात. इकेजिमे बघून आल्यापासून मी जाळं वापरणं जवळजवळ बंद केलं. दिवे मालवून, प्लास्टिकच्या डब्यात मासा हळूच वळवून घेतो.

जिवंत मासे नेणारे ट्रकही याच विचारानं चालतात. निघण्याआधी माशांना उपाशी ठेवतात, म्हणजे पाण्यात अमोनिया कमी होतो. पाणी थंड करतात, म्हणजे श्वास मंदावतो. अंधार ठेवतात आणि ऑक्सिजन सोडतात. टँकचं दुकान पिशवी भरतं तेव्हाही तेच करतं: ऑक्सिजन, वर्तमानपत्राची गुंडाळी, थर्माकोलचा डबा. एक गोष्ट घरी नक्की पाळा. लांबच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, आणि कमी पीएचला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. म्हणून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसण्यापेक्षा तापमान आणि खारटपणा जुळवून मासा लवकर बाहेर काढणं चांगलं.

न खाणाऱ्या माशांना जपानी लोक शिंपले घालतात म्हणे. ते काय आहे?

आसारी नावाचे छोटे शिंपले तिथे प्रत्येक सुपरमार्केटमध्ये जिवंत मिळतात, मिसो सूपसाठी. लांब चोचीचा कॉपरबँड बटरफ्लाय किंवा नवा आलेला एखादा हट्टी एंजल काहीच खात नसेल तर दुकानदार एक आसारी सुरीनं उघडतो आणि अर्धी शिंप टँकच्या तळाशी ठेवतो. हात बाहेर काढतो आणि तिथून निघून जातो. कॉपरबँड लांबून बघतो, वळसा घालतो, परत येतो. शिंपीच्या कडेला असलेल्या मांसाच्या झालरीला चोच लावून बघतो. एकदा पहिला तुकडा ओढून घेतला की मान तिरकी करून आत चोच घालतो आणि मग थांबत नाही. समुद्रात त्याचं खाणं फटींत लपलेलं असतं, तरंगणाऱ्या दाण्यांची त्याला ओळखच नसते. शिंप त्याला ओळखीची फट देते. पुढच्या दिवसांत त्याच शिंपीत थोडं मायसिस (बारीक कोळंबीसारखा जीव) दाबून बसवतात, मग थोडे पेलेट, आणि असा तो मासा कृत्रिम खाद्यावर येतो.

मुंबई, कोकण, गोव्यात राहणाऱ्यांना यासाठी जपानला जायची गरज नाही. आपल्या तिसऱ्या चालतात. जिवंत, घट्ट मिटलेल्या घ्या, रात्रभर स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून वाळू टाकू द्या, बाहेरून ब्रशनं घासा. रोगाची धास्ती असेल तर आधी गोठवा, मासे गोठवलेलीही खातात. उरलेलं मांस दोन-तीन तासांत काढून टाका, नाहीतर पाणी बिघडतं.

बाजारातून टँकसाठी उचलण्यासारखी आणखी एक वस्तू म्हणजे सुशीची नोरी, वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा पातळ पापुद्रा. भाजलेली चालेल, पण मीठ, तेल, सोया काहीही न लावलेली घ्या. सर्जनफिश ती तुटून पडून खातात.

समुद्रातून स्वतः मासे पकडता येतात का?

तिथल्या हौशी लोकांचा हा उन्हाळ्याचा मोठा उद्योग आहे. कुरोशिओ हा उष्ण प्रवाह दक्षिणेकडून येताना प्रवाळातल्या माशांची पिल्लं इझू, मिउरा, बोसो, कोची अशा किनाऱ्यांवर आणून सोडतो. ऑगस्टपासून खडकांमधल्या डबक्यांत बटरफ्लायफिश, डॅमसेल, सर्जनफिश यांची नाण्याएवढी पिल्लं दिसतात. हिवाळ्यात पाणी थंड झालं की ती मरतात. त्यामुळे तिथले टँकवाले हातजाळी घेऊन ओहोटीच्या वेळी जातात, आणि या पकडण्याबद्दल मला तक्रार नाही.

पर्यटकानं मात्र जाळी घरी ठेवावी आणि गुडघाभर पाण्यात मास्क लावून बघावं. कोणतं साधन चालतं हे प्रांताप्रांतावर बदलतं, आणि साझाए हा शंख, शेवंड, ऑक्टोपस यांच्यावर बहुतेक किनाऱ्यांवर स्थानिक मच्छीमार संघटनांचा हक्क असतो. अबालोन हा शिंपल्यासारखा जीव आणि समुद्रकाकडी बेकायदा काढली तर डिसेंबर २०२० पासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन कोटी येनपर्यंत दंड आहे. ओकिनावात प्रवाळ तोडायला बंदी आहे. तिथल्या दुकानांत दिसतं ते शेतीतलं.

मत्स्यालयांपैकी कोणती चुकवू नयेत?

ओकिनावाचं चुराउमी (२००२) लोक व्हेल शार्कसाठी बघतात. ७,५०० टनांची टाकी आणि ६० सेंटिमीटर जाडीची अॅक्रिलिकची भिंत खरोखर भव्य आहे. पण टँकवाल्यानं तिथल्या प्रवाळाच्या टाकीसमोर जास्त वेळ द्यावा: उघडं छत, खरं ऊन, समुद्रातून सतत येणारं पाणी.

शिझुओका प्रांतातल्या नुमाझू बंदराला माझं झुकतं माप आहे. समोरची सुरुगा खाडी सुमारे २,५०० मीटर खोल, जपानमधली सर्वांत खोल. बंदरावर खोल समुद्राचं मत्स्यालय आहे, त्यात सीलाकँथ या प्राचीन कुळातल्या माशाचे गोठवलेले नमुने ठेवलेले आहेत, आणि शेजारच्या खानावळींत त्याच खाडीतले खोल पाण्यातले मासे ताटात वाढतात.

फुकुशिमाच्या अॅक्वामरीन मत्स्यालयात टाकीसमोरच सुशीचा काउंटर आहे. काही जणांना ते खटकतं. कोणता मासा खावा आणि कोणता जपावा हे तिथे मासे पोहताना बघत समजावून सांगतात, आणि ही जागा मला योग्य वाटते. २०११ च्या त्सुनामीत या मत्स्यालयाचे बहुतेक जीव गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी दारं पुन्हा उघडली.

शिमोनोसेकीत कारातो बाजार आणि कायक्योकान मत्स्यालय शेजारी-शेजारी आहेत. बाजारात फुगू या विषारी माशाचे पारदर्शक काप, मत्स्यालयात जगभरच्या केंड (पफर) माशांचे शंभराहून अधिक प्रकार. फुगू हा आपल्या कोकणातल्या केंडाचाच नातेवाईक. तो साफ करायला परवाना लागतो आणि त्याचं यकृत विकायला बंदी आहे.

टोकियोत निशिकासाई भागात बरीच मराठी कुटुंबं राहतात. तुमचं कुणी तिथे असेल तर कासाई रिंकाई मत्स्यालय जवळच आहे. तिथल्या ट्यूनाच्या टाकीत २०१४ च्या अखेरीपासून काही महिन्यांत जवळजवळ सगळे मासे मेले, एक उरला, आणि मग त्यांनी नव्यानं थवा उभा केला. मोठ्या टाकीवाल्यांचंही काळीज आपल्यासारखंच हलतं, हे तिथे उभं राहून जाणवतं.

मी शाकाहारी आहे. या सगळ्यात माझं काय?

दुकानं, मत्स्यालयं आणि बाजारातलं बघणं तुमचंच आहे. जेवण आधी ठरवून ठेवा, कारण साध्या भाजीच्या रश्शातही बोनितो या माशाचा अर्क असतो.

पंप, दिवे, चिलर तिथून आणावेत का?

बहुतेक वेळा नको. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. शिवाय टोकियोसह पूर्व जपानमध्ये ५० हर्ट्झ आणि ओसाकासह पश्चिमेत ६० हर्ट्झ चालते, त्यामुळे एसी पंपांवर दोन वेगळे प्रवाहदर छापलेले असतात. डीसी पंप आणि दिव्यांना अडॅप्टर बदलून चालतं, पण वॉरंटी तिथेच राहते. लांब चिमटे, प्रवाळ कापायच्या कात्र्या, खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, चाचणी किट अशा हलक्या वस्तू आणाव्यात. धारदार असेल ते चेक-इन सामानात टाका.

मासे किंवा प्रवाळ भारतात आणता येतील का?

सामानातून नाही. जिवंत मासे आयात करायला परवाना आणि क्वारंटाइन लागतं. कडक प्रवाळ साइट्स या दुर्मिळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराच्या यादीत आहे, आणि भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना सर्वोच्च संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलू नका.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर. वादळांचा जोर ओसरलेला असतो, कुरोशिओनं आणलेली पिल्लं अजून किनाऱ्यावर असतात, आणि नुमाझूच्या खोल पाण्यातल्या जाळ्यांचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होऊन पुढच्या मेपर्यंत चालतो. ओकिनावाचं पाणीही पोहण्याइतकं उबदार असतं. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचे पहिले दिवस टाळा, तेव्हा बाजार आणि बहुतेक दुकानं बंद असतात.